मार्गारेट हेलचा संताप येतो, तरीही ‘नॉर्थ अँड साउथ’ वाचाच

मार्गारेट हेलला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं, असं या कादंबरीच्या उत्तरार्धात मला सतत वाटत राहतं. ‘तो माझा भाऊ होता’ एवढं एकच वाक्य तिने गिरणीमालक जॉन थॉर्नटनला सांगितलं, तर त्या दोघांची आणि वाचणाऱ्याचीही कित्येक प्रकरणांची तडफड वाचेल. ती सांगत नाही. घरातली माणसं एकामागून एक जातात, गाव सुटतं, आणि ही ओठ शिवून बसलेली. जिने चिडलेल्या जमावापुढे उभं राहून अंगावर दगड घेतला, ती एवढी धीट मुलगी या एका वाक्यापाशी येऊन अडते.

असं असूनही एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ मी वाचलेल्या प्रेमकथांमध्ये सगळ्यात वर ठेवते. आधी वैर, मग प्रेम. हल्लीची मुलं ज्याला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात, त्या जातीची ही कादंबरी. मी परळला रात्रशाळेत इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली या प्रकारची पुस्तकं मोबाइलवर भराभर वाचून काढतात, मला सुचवतात, आणि मीही वाचते. बहुतेक पुस्तकांत खरं भांडण नसतंच. त्याने हिला कुठल्या तरी पार्टीत टाकून बोललेलं असतं, नाहीतर दोघांना एकाच ऑफिसात एकच बढती हवी असते. थोडी पानं उलटली की कळतं, हे भांडण मिटवण्यासाठीच उभं केलंय. गॅस्केलबाईंच्या कादंबरीतलं भांडण मात्र खरं आहे. गिरणीच्या मालकाचं आणि कामगाराचं नातं कसं असावं, यावरून ते आहे. त्यात दोन्ही बाजूंना दम आहे, आणि प्रेम जुळल्यावरही ते पुरतं मिटत नाही. म्हणून ते प्रेम पटतं.

(पुढे कथेतलं बरंच काही उघड होणार आहे. कोरं मन ठेवून वाचायचं असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं.)

मार्गारेट एकोणिसाव्या वर्षाच्या आसपासची. लंडनला मावशीकडे वाढलेली, मग दक्षिण इंग्लंडातल्या हेलस्टन नावाच्या खेड्यात आईवडिलांकडे परतलेली. वडील तिथले पाद्री. धर्मपीठाच्या शिकवणीबद्दल त्यांच्या मनात शंका येतात, ते नोकरी सोडतात आणि बिऱ्हाड उत्तरेला मिल्टन नावाच्या गिरण्यांच्या गावी हलवतात. मिल्टन म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर. गॅस्केलबाई तिथेच राहत होत्या, त्यांचे यजमान तिथे धर्मोपदेशक होते, आणि गावातली गरिबी त्यांनी दारोदार फिरून पाहिलेली होती. जवळच्याच प्रेस्टन गावात १८५३-५४ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर लगेच, सप्टेंबर १८५४ पासून, ही कादंबरी चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. बाईंना पुस्तकाचं नाव ‘मार्गारेट हेल’ ठेवायचं होतं. ‘नॉर्थ अँड साउथ’ हे नाव डिकन्स यांनी सुचवलं. त्याच १८५४ साली आपल्या मुंबईत कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली. मुंबईची ती पहिली कापड गिरणी. तिच्यामागोमाग आमचं गिरणगाव उभं राहिलं.

तर ही मार्गारेट मिल्टनला येते ती नाक मुरडतच. व्यापार-उदीम करणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत, हे ती हेलस्टनला असतानाच बोलून मोकळी झालेली असते. जमिनीशी नातं असलेली माणसं बरी, फौजेतली बरी, विद्वान बरे, दुकानदारी करणारे नकोत. थॉर्नटन तिच्या वडिलांकडे अभिजात ग्रंथ शिकायला येऊ लागतो. हा माणूस मार्लबरो मिल्सचा मालक. बाप सट्ट्यात बुडाला आणि त्याने जीव दिला. त्यानंतर हा पोरगा कापडाच्या दुकानात नोकरीला लागला. आठवड्याला पंधरा शिलिंग यायचे, खाणारी तोंडं तीन, आणि त्यातूनही आई दर आठवड्याला तीन शिलिंग बाजूला काढायची. नोकरीची आणि काटकसरीची ही हकीकत तो चहा घेता घेता हेल कुटुंबाला सांगतो, तेही आढ्यता न बाळगता. ऐकून मार्गारेटला काय वाटावं? की याला आपल्या कामगारांची गरिबी समजत नाही, गरीब राहिले तो त्यांचाच दोष असं हा मानतो. तिचं अगदी चूक आहे असंही नाही. थॉर्नटनचा तेव्हाचा विचार तसाच आहे. पण समोरच्याने स्वतःची जखम उघडी करून दाखवली, हे तिच्या गावीच नाही. निघताना तो हात पुढे करतो, तर ही नुसती मान लववते.

त्याच चहाच्या प्रसंगात एक बारीकशी गोष्ट आहे. मार्गारेटच्या हातातलं ब्रेसलेट सारखं घसरून मनगटावर येतंय. ती ते वर सरकवते, ते पुन्हा खाली येतं. थॉर्नटन बोलणं विसरून त्याच्याकडेच पाहत बसतो. ती ते पुन्हा वर कधी सरकवते याची जणू वाट बघतोय. मग वडील तिचा अंगठा आणि करंगळी धरून साखरेच्या चिमट्यासारखी वापरतात, आणि हे बापलेकीचं लाडिक खेळणं तो मुकाट्याने पाहतो. एवढंच. ना स्पर्श, ना शब्द. प्रेमात पडलेला माणूस कसा दिसतो हे गॅस्केलबाईंनी चार ओळींत दाखवून दिलंय. नुसत्या घसरणाऱ्या दागिन्यावर.

मार्गारेटचं मन पालटतं ते हिगिन्सच्या घरी. निकोलस हिगिन्स हा युनियनचा कट्टर माणूस, आणि बेसी त्याची मुलगी. बेसी कार्डिंग खात्यात काम करून छातीच्या विकाराने मरायला टेकली आहे. तेराव्या प्रकरणात ती मार्गारेटला सांगते, कापूस पिंजताना त्याचे पांढरे तंतू हवेत उडतात, छातीत जाऊन बसतात, आणि माणसं खोकत खोकत, रक्त ओकत संपतात. खात्याच्या एका टोकाला वारा खेचणारं मोठं चाक बसवलं तर ही धूळ बाहेर जाते. पण चाकाला पैसा लागतो आणि त्यातून मालकाला नफा नाही, म्हणून ते क्वचितच बसवतात. आणि पुढे ती जे सांगते ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. काही कामगारांनाच ते चाक नको असायचं. इतकी वर्षं तूस गिळायची सवय, ती मोडली की भूक जास्त लागते, मग पगार वाढवून द्या, असं त्यांचं म्हणणं.

माझे वडील गिरणीत कार्डिंगलाच होते. पाळी करून यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या केसांवर पांढरं तूस असायचं. आई त्यांना सदरा आधी गॅलरीत झटकायला लावायची, मग घरात घ्यायची. कामावर असताना ते गुळाचा खडा तोंडात धरायचे, त्याने घसा साफ राहतो अशी सगळ्यांचीच समजूत होती. सोमवारी त्यांना दम जास्त लागायचा. सुट्टीनंतर कामावर गेल्यावर छाती आवळणं हे कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकाराचं नेहमीचं लक्षण आहे, हे मला फार उशिरा समजलं. त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. मँचेस्टरच्या एका पाद्रीणबाईने १८५४ मध्ये आमच्या घरातला खोकला लिहून ठेवलाय. एरवी ज्या पुस्तकाला लोक ‘व्हिक्टोरियन लव्ह स्टोरी’ म्हणून बाजूला सारतात, त्यातलं हे प्रकरण माझ्यासाठी मोलाचं आहे.

संपाचा भाग याहून कठीण आहे. सतराव्या प्रकरणाचं नावच ‘संप म्हणजे काय?’ असं आहे. दक्षिणेतून आलेल्या मार्गारेटला ते खरोखरच माहीत नसतं, आणि हिगिन्स तिला समजावतो. थॉर्नटनची बाजूही लेखिका तितक्याच ताकदीने मांडते. अमेरिकेतले कापडवाले स्वस्त माल बाजारात आणताहेत, मजुरी वाढवली तर धंदाच बसेल. पण माझ्या मनात घर करून राहिला तो बाउचर. दुबळा, भेदरलेला, आजारी बायको आणि भुकेली पोरं घरात असलेला हा माणूस मनाविरुद्ध संपात ओढला गेलाय. युनियनला न मानणाऱ्याशी शेजारी काम करणारे बोलतसुद्धा नाहीत, हे हिगिन्स स्वतः कबूल करतो. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडीलही पडले. आमच्या चाळीत एक बदली कामगार होता, तो काही महिन्यांनी पोलीस बंदोबस्तात कामावर गेला. त्याच्या बायकोशी नळावर कोणी बोलेनासं झालं, आईसुद्धा. बाउचर शेवटी ओढ्यात पालथा पडून जीव देतो. हातभर पाणी, तेही गिरण्यांतून रंगकामाला वापरलेलं. त्याचा चेहरा त्या रंगाने डागाळलेला असतो. आत्महत्येचं एवढं निष्ठुर वर्णन मी दुसऱ्या प्रेमकथेत वाचलेलं नाही.

ही बातमी त्याच्या बायकोला सांगायला कोण जातं? हिगिन्सला धीर होत नाही. वडील थरथरत उभे. मार्गारेट जाते.

इथे मला तिच्या स्वभावाची किल्ली सापडली. पहिल्यापासून पाहा. वडिलांनी नोकरी सोडली हे आईला सांगायची हिंमत वडिलांत नाही, ते काम मुलीवर. आईचं दुखणं जिवावरचं आहे हे डॉक्टरकडून काढून घ्यायचं आणि वडिलांपासून लपवायचं, तेही तिच्यावर. नवीन गावात घर बघणं, मोलकरीण शोधणं, पैशांची ओढाताण, सगळं तिच्यावर. दंगलीच्या दिवशी ती थॉर्नटनला सुनावते, खाली जा आणि या माणसांशी माणसासारखं बोला. तो खरंच खाली जातो. जमाव अंगावर येतोय हे दिसताच ही धावत जाऊन त्याच्या गळ्यात हात टाकून उभी राहते आणि दगड हिच्या कपाळाला लागतो. दुसऱ्यासाठी बोलायचं, दुसऱ्यासाठी उभं राहायचं, यात ती कधी कचरत नाही. स्वतःसाठी बोलायची वेळ आली की तिच्या तोंडून एकतर अपमान निघतो, नाहीतर काहीच निघत नाही.

अपमान कसा, ते चोविसाव्या प्रकरणात दिसतं. दुसऱ्या दिवशी थॉर्नटन मागणी घालायला येतो. तो येण्याआधी त्याच्या घरी काय चाललंय, तेही बाई दाखवतात. त्याची आई हॅना थॉर्नटन ही कडक, करारी बाई. तिला मार्गारेट अजिबात आवडत नाही, पण मुलगा मागणी घालणार म्हटल्यावर ती घरातली टेबलक्लॉथं काढून बसते. काहींवर तिची आणि नवऱ्याची आद्याक्षरं भरलेली, काहींवर मुलाची, त्याच्या पैशाने घेतलेली. ती टाके उसवायला घेते, नव्या सुनेचं अक्षर घालायला लाल दोराही शोधायला लागते. नावडत्या सुनेसाठी स्वतःच्या हाताने केलेली ही जागा! आणि तिकडे मार्गारेट तिच्या मुलाला सांगते की कालचं माझं वागणं तुमच्यासाठी नव्हतंच, कुठलीही बाई हेच करती, आणि तुम्ही असं समजलात हेच मला अपमानास्पद वाटतं. नकार द्यायला माझी हरकत नाही. नको असेल तर नको. पण माणसाला पायपुसणं करून दिलेला नकार वाचताना मला सगळा राग तिचाच आला. घरी जाऊन तो आईला सांगतो, तुझ्याशिवाय माझ्यावर कोणाचं प्रेम नाही. त्यावेळी मी पूर्णपणे हॅनाच्या बाजूची झाले होते, आणि अजूनही बरीचशी आहे.

मग ते खोटं. मार्गारेटचा भाऊ फ्रेडरिक आरमारात होता. जुलमी कप्तानाविरुद्धच्या बंडात सामील झाल्यामुळे इंग्लंडात पाय ठेवला तर त्याला फाशी. आई मरणाच्या दारात म्हणून तो लपून येतो. रात्री स्टेशनवर त्याला निरोप देताना थॉर्नटन मार्गारेटला पाहतो, आणि परका पुरुष तिच्यासोबत आहे एवढंच त्याला कळतं. तिथेच एक माणूस झटापटीत पडतो आणि नंतर मरतो. पोलीस चौकशीला येतात. मार्गारेट सरळ नजर ठेवून सांगते, मी तिथे नव्हतेच. पोलीस अधिकारी दरवाजाबाहेर गेला की ती धाडकन कोसळते. थॉर्नटन गावचा दंडाधिकारी. ती खोटं बोलली हे त्याला ठाऊक आहे, तरी तो चौकशी पुढे जाऊ देत नाही. पुढे पत्र येतं तेव्हा कळतं, हिने खोटं बोलण्याआधीच भाऊ सुखरूप देशाबाहेर पडलेला होता.

इथवर मी तिच्यासोबत आहे. भावाच्या गळ्याभोवती फास असताना कोणतीही बहीण खोटं बोलेल. माझी तक्रार पुढची आहे. थॉर्नटन तिला एकदा सरळ विचारतो, तुम्हाला काही खुलासा करायचा नाही का? ती म्हणते, गुपित दुसऱ्याचं आहे, सांगितलं तर त्याचं नुकसान होईल. अहो, पण ज्या माणसाने तुमच्यासाठी स्वतःच्या अधिकाराचं वजन खर्च केलं, तो तुमच्या भावाला पकडून देईल? आता तिला त्याची किंमत कळलेली आहे. त्याच्या नजरेतून आपण उतरलो म्हणून ती रात्र रात्र जळते आहे. आणि तरी गप्प. वडील वारतात, गाव सोडायची वेळ येते, तरी गप्प. बेल नावाच्या वडिलांच्या जुन्या मित्राने परस्पर थॉर्नटनच्या कानावर घालावं असं ती ठरवते, तर तेही वारतात. शेवटी हिगिन्सच्या तोंडून थॉर्नटनला कळतं, तेही सहज, बोलता बोलता. ज्या एका गोष्टीवर एवढी वेदना उभी, ती अशी उडत उडत सुटावी याचा मला आजही राग येतो.

यात थोडा दोष साप्ताहिकाचाही आहे. डिकन्स यांना दर आठवड्याला आटोपशीर, चटपटीत हप्ता हवा असे. बाईंना ते जमेना आणि शेवट घाईत उरकावा लागला. १८५५ मध्ये दोन खंडांत पुस्तक काढताना त्यांनी शेवटाकडे मजकूर वाढवला, प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिहिलंही. तरी घाई लपत नाही. बेसी, आई, बाउचर, त्याची बायको, स्टेशनवरचा माणूस, वडील, बेल, असे सात मृत्यू. बेल तर मार्गारेटला श्रीमंत करण्यापुरतेच मारलेत असं वाटतं. त्या काळात मरण स्वस्त होतं हे मान्य, पण कथानकाच्या सोयीने आलेलं मरण वाचणाऱ्याला कळतं.

थॉर्नटनचा बदल मात्र घाईत झालेला नाही. नोकरी मागायला आलेल्या हिगिन्सला तो आधी हाकलतो. मग स्वतः चौकशी करतो. बाउचरची अनाथ पोरं हा माणूस सांभाळतोय हे कळतं, आणि तो त्याच्या घरी जाऊन माफी मागून काम देतो. पुढे दोघं मिळून गिरणीत कामगारांसाठी खानावळ काढतात, घाऊक किराणा, घाऊक मटण. कामगार मालकाला जेवायला बोलावतात आणि तो त्यांच्यात बसून जेवतो. गिरणगावात खानावळींवर किती संसार चालले हे माहीत असणाऱ्याला या भागाची गोडी वेगळीच लागेल. मालक-मजूर संबंधांवर यातून फार मोठं उत्तर मिळत नाही. गॅस्केलबाईंना वाटत होतं की माणसं एकमेकांच्या घरी गेली की बरंच सुटेल. संपाच्या घरात वाढलेल्या मला ते पुरेसं वाटत नाही. पण त्या दोन हट्टी पुरुषांचं एकमेकांना हळूहळू ओळखणं फार सुंदर लिहिलंय.

शेवट लंडनला, मावशीच्या घरात होतो. थॉर्नटनचा धंदा बुडालाय. बेल यांच्या वारशामुळे मार्गारेट आता त्याच्या गिरणीच्या जागेची मालकीण. बँकेत आपले अठरा हजार सत्तावन्न पौंड पडून आहेत, त्यावर जेमतेम अडीच टक्के व्याज मिळतं, ते तुम्ही घेतलेत तर माझाही फायदा, असं ती कागद चाळत, चाचरत सांगते. तो तिला नावाने हाक मारतो. पुन्हा मारतो. आणि म्हणतो, सांभाळा, तुम्ही बोलला नाहीत तर मी तुम्हाला माझं समजेन. ती तेव्हाही बोलत नाही! मान वळवून त्याच्या खांद्यावर चेहरा ठेवते. मी इतकी चिडलेली असूनही हे मला पूर्ण पटलं. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवलेल्या या मुलीला स्वतःची गोष्ट फक्त व्याजाच्या दरात सांगता येते, आणि समोरच्याला ती बरोब्बर समजते.

बीबीसीची २००४ ची चार भागांची मालिका पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांना आधीच सांगते, रेल्वे स्टेशनवरचं ते चुंबन पुस्तकात नाही. थॉर्नटन कामगाराला मारतो तो पहिल्या भागातला प्रसंगही नाही. पुस्तकातला थॉर्नटन जास्त आवरलेला आहे. पुस्तक गुटेनबर्ग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, पण पेंग्विन किंवा ऑक्सफर्डची टिपा असलेली आवृत्ती घेतलीत तर बरं, कारण हिगिन्स आणि बेसी लँकेशायरच्या बोलीत बोलतात आणि सुरुवातीला ती अडते. त्यांचे संवाद मोठ्याने वाचा, लवकर जमतं. थॉर्नटन यायला सातवं प्रकरण उजाडतं, तोवर लंडन आणि हेलस्टन जरा रेंगाळतं. तिथे सोडू नका. निदान तेराव्या प्रकरणापर्यंत जा, बेसी भेटू दे.